निष्ठा काय फक्त पोरांनीच पाळायची?

दिवाळीच्या चार दिवसांत कुणाशी भांडू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तोंडात करंजी असताना ओठांवर कडू शब्द येणे शोभत नाही, हे आम्हांलाही कळते. परंतु काही भांडणे अशी असतात की, ती घरातली सगळी माणसे एका ठिकाणी जमली म्हणजेच काढावी लागतात. हे भांडण त्यांतलेच आहे. आज्ञा करणारे थोर आणि आज्ञा पाळणारी पोरे यांच्यातला हा मामला आहे. तेव्हा आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी तो एकदमच ऐकलेला बरा.

मामला आहे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या फुटबॉलचा. ज्यांची मुले-मुली तिकडच्या विद्यापीठांत शिकतात त्यांना या खेळाचे वेड ठाऊक असेल. बाकीच्यांसाठी थोडा खुलासा करणे भाग आहे. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातांत धरून पळायचा, नाहीतर फेकून पुढे धावणाऱ्या साथीदाराला पोचवायचा. अकरा गड्यांत एक गडी असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. डाव सुरू झाला की चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. तो फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचे, हे प्रत्यक्ष मैदानावर त्याला क्षणार्धात ठरवावे लागते. क्रिकेटमध्ये एक फलंदाज बाद झाला तर दुसरा येतो. इतर जागांवर दोघे-तिघे आलटून पालटून खेळू शकतात. क्वार्टरबॅकची जागा मात्र एकच, आणि तिथे सहसा एकच बसतो. म्हणून ही जागा ज्याच्याकडून काढून घेतात त्याची केवळ पाळी जात नाही. सारा हंगाम जातो, आणि कधीकधी पुढचे आयुष्यही.

२०१८ सालच्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या तीन नामांकित संघांनी आपला जिंकणारा क्वार्टरबॅक बदलला. हरणारा नव्हे, जिंकणारा! पहिला संघ नोटर डेमचा. ब्रँडन विम्बुश या त्यांच्या क्वार्टरबॅकने हंगामाचे पहिले तिन्ही सामने जिंकले होते. त्यांत मिशिगनसारखा तगडा प्रतिस्पर्धीही २४-१७ असा लोळवला होता. पुढचा सामना परक्या मैदानावर, नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्टशी होता. परक्या मैदानावर सारा जमाव विरुद्ध बाजूचा असतो. त्याचा गलका असा की शेजारच्या गड्याला हाक ऐकू जाऊ नये. अशा ठिकाणी नेम चुकवून चालत नाही. आणि विम्बुशचा पाय वेगवान असला तरी त्याचा हात बेभरवशाचा होता. आदल्या, म्हणजे २०१७ च्या हंगामात त्याच्या निम्म्या फेकीही साथीदारांच्या हाती पोचल्या नव्हत्या. प्रशिक्षक ब्रायन केली यांनी २२ सप्टेंबरच्या त्या सामन्यात त्याला बाजूला बसवले आणि इयन बुकला उभे केले. नोटर डेमने तो सामना ५६-२७ असा जिंकला.

त्याच दिवशी, तिकडे अटलांटात, क्लेमसनचा संघ जॉर्जिया टेकच्या घरी खेळत होता. क्लेमसनचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट. २०१७ सालापासून ही जागा त्याची. त्याने सुरुवात केलेल्या १८ सामन्यांपैकी १६ संघाने जिंकले. दोनच आठवड्यांपूर्वी टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या मैदानावर, लाखावर प्रेक्षकांच्या आरोळ्यांत, क्लेमसनने २८-२६ असा निसटता विजय मिळवला होता, त्या दिवशी अखेरपर्यंत डोके थंड ठेवणारा ब्रायंटच होता. परंतु त्याच्या मागे ट्रेव्हर लॉरेन्स नावाचा अठरा वर्षांचा, पहिल्याच वर्षाला आलेला पोरगा उभा होता, आणि त्याच्या हातात दैवी देणगी होती. अटलांटात त्याने राखीव म्हणून उतरून चार वेळा चेंडू गोलरेषेपार पोचता केला. क्लेमसन ४९-२१ ने जिंकला. सोमवारी, २४ सप्टेंबरला, प्रशिक्षक डॅबो स्विनी यांनी जाहीर केले की यापुढे सुरुवात लॉरेन्स करील. बुधवारी ब्रायंटने संघ सोडला. आपल्यावर अन्याय झाला असे वाटते, हे त्याने उघडपणे सांगितले.

तिसरा संघ अलाबामाचा, आणि तिसरा मुलगा जेलन हर्ट्स. याची कथा सर्वांत प्रसिद्ध. त्याने सुरुवात केलेल्या २८ सामन्यांपैकी २६ अलाबामाने जिंकले होते. ८ जानेवारी २०१८ रोजी राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला संघ १३-० असा मागे पडला, तेव्हा प्रशिक्षक निक सेबन यांनी त्याला खाली बसवले आणि टुआ टागोवाइलोआ या पहिल्या वर्षाच्या मुलाला पाठवले. टुआने जादा वेळात लांबवर चेंडू फेकून २६-२३ असा सामना काढला. नव्या हंगामात जागा टुआची झाली. हर्ट्स राखीव झाला आणि राहिला. १ डिसेंबर २०१८ रोजी त्याच अटलांटात, त्याच मैदानावर, त्याच जॉर्जियाविरुद्ध टुआ जखमी झाला. संघ मागे होता. हर्ट्स उतरला, आधी बरोबरी साधली आणि मग शेवटचे मिनिट उरले असताना स्वतः चेंडू घेऊन गोलरेषेपार गेला. ३५-२८! एखाद्या नाटककाराने असा प्रवेश लिहिला असता तर प्रेक्षकांनी त्याला ओढूनताणून आणलेला म्हटले असते.

झाले! त्या दिवसापासून अमेरिकेत नीतिपाठाचे एक दुकानच उघडले गेले. हर्ट्स म्हणजे सद्गुणी मुलगा. संयम, त्याग, निष्ठा! ब्रायंट म्हणजे पळपुटा. जागा गेली आणि बॅग भरून निघाला. हर्ट्सकडे बघा आणि शिका! २०२५ च्या फेब्रुवारीत हर्ट्सने व्यावसायिक संघाकडून सुपर बोल जिंकला आणि त्या सामन्यातला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, तेव्हा तर या दुकानाला सोन्याचा कळसच चढला. संयमाचे फळ गोड असते, याचा जणू शिक्कामोर्तब झालेला दाखला!

आमचे भांडण या दुकानदारांशी आहे. हर्ट्सशी नाही. त्याच्या मोठेपणापुढे आम्ही मान लववतो. लॉरेन्सशी नाही, अठराव्या वर्षी अंगात विद्या असणे हा काही गुन्हा नव्हे. किंबहुना गडी बदलणाऱ्या प्रशिक्षकांशीही नाही. संघ जिंकावा म्हणून चांगल्या गड्याच्या जागी अधिक चांगला गडी घ्यावा, हा त्यांचा अधिकारच नव्हे तर कर्तव्य आहे. आणि स्विनींचा अंदाज खरा ठरला, हेही जगाने पाहिले. क्लेमसनने त्या हंगामात १५ पैकी १५ सामने जिंकले, आणि ७ जानेवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात अलाबामाचा ४४-१६ असा फडशा पाडला. ते सारे मान्य. आमचा आक्षेप एवढाच आहे की, ज्या व्यवहारात वरच्याने आपला फायदा पाहणे याला शहाणपण म्हणतात, त्याच व्यवहारात खालच्याने आपला फायदा पाहिला तर त्याला बेइमानी का म्हणायचे?

आता नीतिपाठ देणारे ज्या गोष्टीचा चुकूनही उच्चार करीत नाहीत ती गोष्ट सांगतो. ती नीतीची नाही, साध्या बेरीज-वजाबाकीची आहे.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे कॉलेजच्या खेळाडूला पाच वर्षांच्या आत चार हंगाम खेळता येत. २०१८ च्या जूनमध्ये त्यात नवी भर पडली: एखादा खेळाडू हंगामात चारपर्यंतच सामने खेळला तर तो हंगाम त्याच्या खात्यात धरला जाणार नाही. पाचव्या सामन्यात एक पाऊल जरी मैदानावर टाकले तरी हंगाम संपला. आता तिघांची खाती उघडून पाहू. हर्ट्स २०१६ साली आला. २०१८ हा त्याचा तिसरा हंगाम. तो पुरा बाकावर गेला तरी २०१९ चा चौथा हंगाम त्याच्या पदरी होताच. विम्बुश २०१५ साली आला, पण २०१६ चा हंगाम तो खेळलाच नव्हता. त्याच्याही पदरी २०१९ चा हंगाम शिल्लक होता. ब्रायंट मात्र २०१५, २०१६, २०१७ असे तिन्ही हंगाम खेळलेला. २०१८ हा त्याचा शेवटचा. चार सामने होऊन गेले होते. पाचव्यात तो उतरला असता तर त्याचे कॉलेजातले खेळणे तिथेच संपत होते.

म्हणजे काय झाले ते पाहा. ज्या दोघांच्या गाठीला एक वर्ष बांधलेले होते ते थांबले आणि संयमी ठरले. ज्याच्या गाठीला काहीच नव्हते तो निघाला आणि उतावळा ठरला. ज्याच्या कणगीत दाणे आहेत त्याने एकादशी केली तर ती भक्ती. ज्याची कणगी रिकामी आहे त्याने भाकरीसाठी वेस ओलांडली तर तो गावाचा द्रोही! हा कुठला न्याय?

यावर कुणी म्हणेल, "त्याने संघात राहायचे होते, नुसते बाकावर बसायचे होते. उतरला नसता म्हणजे हंगाम वाचला असता." वाचला असता का? जरा पाचव्या सामन्याचे काय झाले ते पाहू. २९ सप्टेंबरला क्लेमसनच्याच मैदानावर सिराक्यूजशी गाठ पडली. दुसऱ्या प्रहरात लॉरेन्सला मार बसला आणि तो बाहेर गेला. राखीव म्हणून जो कोणी होता त्याला उतरणे प्राप्त झाले. ब्रायंट तिथे असता तर तो उतरला असता, आणि त्या एका दुपारपायी त्याचे उरलेले वर्ष बुडाले असते. पुढच्या आठवड्यात लॉरेन्स बरा होऊन परतला असता आणि ब्रायंट पुन्हा बाकावर, या वेळी कायमचा! ज्या प्रसंगाकडे बोट दाखवून लोकांनी त्याला शिव्या मोजल्या, "ऐन गरजेच्या वेळी पाठ दाखवली" म्हणून, तोच प्रसंग त्याचा हिशेब बरोबर होता याचा पुरावा आहे. क्लेमसनचे म्हणाल तर चेस ब्राइस नावाच्या मुलाने वेळ निभावून नेली. शेवटच्या मिनिटात ट्रॅव्हिस एटिएनने चेंडू पार केला आणि सामना २७-२३ असा जिंकला गेला. संघाचे काही अडले नाही. संघांचे कधीच अडत नाही. अडते ते माणसांचे.

आणि आता नीतिपाठातले झाकून ठेवलेले शेवटचे पान उलटू. तिघांपैकी शेवटी जुन्या संघात राहिले कोण? कुणीच नाही! विम्बुशने बुक जखमी असताना फ्लोरिडा स्टेटचा सामना ४२-१३ असा जिंकून दिला, आणि हंगाम संपताच सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाची वाट धरली. सद्गुणांचा पुतळा म्हणून ज्याची पूजा चालली आहे त्या हर्ट्सनेही डिसेंबरात पदवी घेतली आणि जानेवारी २०१९ मध्ये तो ओक्लाहोमाला गेला. तिथे त्याने असा खेळ केला की वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन पारितोषिकासाठी तो दुसरा आला. पहिला कोण आला? लुइझियाना स्टेटचा जो बरो. हा बरो तरी कोण? २०१८ च्या वसंतात ओहायो स्टेटमध्ये जागा मिळत नाही असे दिसताच पदवी पदरात पाडून संघ सोडून गेलेला मुलगा! म्हणजे पहिला सोडून गेलेला, दुसरा सोडून गेलेला. हे दोघे गेले नसते तर? दोघांनीही बाकावर बसून संयमाचा जप केला असता, तर आज त्यांची नावे कुणाला ठाऊक असती? हर्ट्सच्या कथेतून त्याचे जाणे वगळायचे आणि थांबणे तेवढे सांगायचे, ही कथा सांगण्याची रीत नव्हे. ही कथा वापरण्याची रीत आहे.

हर्ट्सच्या संयमाचे गोडवे गाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आठवावी. २०१८ च्या ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होण्यापूर्वी, हर्ट्सनेच पत्रकारांपुढे बोलून दाखवले होते की, इतक्या महिन्यांत तुला काय वाटते, हे आपल्याला कुणी विचारलेच नाही. २६ सामने जिंकून देणाऱ्या मुलाला कुणी विचारत नाही! तो गप्प बसत होता तोवर तो शहाणा होता. बोलला तेव्हा काहींनी नाके मुरडली. आपल्याला शांत मूल आवडते, ते त्याच्या शांतपणामुळे की आपल्याला उत्तर द्यावे लागत नाही म्हणून, हे प्रत्येक थोरल्याने एकदा स्वतःला विचारून पाहावे.

बरे, निष्ठेची एवढी थोरवी असेल तर ती थोरांनीही पाळली असेल, नाही का? नोटर डेमचे ते ब्रायन केली. २०२१ साली त्यांच्या संघाने १२ पैकी ११ सामने जिंकले होते. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम चार संघांत त्याचा समावेश होणार की नाही, हे अजून ठरायचे होते. आणि त्याच आठवड्यात, नोव्हेंबरच्या अखेरीस, केलीसाहेब लुइझियाना स्टेटची मोठी नोकरी पत्करून चालते झाले. हंगाम शिल्लक, पोरे शिल्लक, साहेब पसार! त्यांना कुणी म्हटले का, की हर्ट्सकडे पाहा आणि शिका? थोडी कुजबुज झाली. मग सारे म्हणाले, व्यवसाय आहे, चालायचेच. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात लुइझियानाने त्यांनाच बदलले. त्यांचीही जागा गेली. पण त्यांचे जाणे आणि विम्बुशचे बाकावर बसणे यांत फरक आहे; करारातली राहिलेली रक्कम पाच कोटी डॉलरांच्या वर होती. प्रशिक्षक काढला तर त्याला खजिना द्यावा लागतो. पोरगा काढला तर त्याला उपदेश दिला की भागते.

स्विनींचेही तेच. अजिंक्यपदानंतर, एप्रिल २०१९ मध्ये, क्लेमसनने त्यांच्याशी दहा वर्षांचा ९ कोटी ३० लाख डॉलरांचा करार केला. मिळाले, चांगले झाले. आमच्या पोटात दुखत नाही. आणि ब्रायंटविषयी त्यांनी जाहीरपणे कडवटपणा दाखवला नाही, हेही त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण त्याच अजिंक्यपदाची अंगठी, जी संघातल्या प्रत्येकाच्या बोटात गेली, ती ब्रायंटला मिळाली नाही. अंगठी हवी तर संघात असावे लागते, असा स्विनींचा युक्तिवाद. पंधरा सामन्यांत पंधरा विजय! त्यांतल्या पहिल्या चार सामन्यांची सुरुवात कोणी केली? टेक्ससमध्ये दोन गुणांनी सामना वाचला तेव्हा अखेरचा डाव कुणाच्या हाती होता? तो एक सामना गेला असता तर पंधराच्या पंधरा कुठून झाले असते? गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही पडली. पण आपल्याकडच्या म्हणीतला वैद्य निदान गावातच राहतो. इथे त्याचे नाव रोग बरा झाल्याच्या दाखल्यावरूनही खोडले आहे.

येथे आमच्या आस्तिक वाचकांच्या मनात एक शंका उभी राहील. "रामाने नाही का मुकाट्याने वनवास पत्करला? राज्याभिषेकाची तयारी झालेली, आणि आदल्या रात्री सारे फिरले. तरी त्याच्या मुखावरची रेषा हलली नाही. तो आमचा आदर्श आहे." आमचाही आहे. परंतु रामाने वनवास पत्करला हे रामाचे मोठेपण. त्यामुळे कैकेयीची मागणी न्याय्य ठरली, असे आजवर कुणा कीर्तनकाराने सांगितलेले आम्ही ऐकले नाही. आणि लक्ष्मण? तो संतापला, धनुष्य हाती घेण्याच्या गोष्टी बोलला. त्याला कुणी द्रोही म्हटले का? सोसणाऱ्याचे मोठेपण ही सोसणाऱ्याची मिळकत आहे. सोसायला लावणाऱ्याने ती आपल्या नावावर चढवून घेऊ नये, आणि ज्याला सोसायचे नाही त्याच्या डोक्यात ती घालू नये.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा घेऊ. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते म्हणतात, "तुमचे ऐकून काय झाले ते पाहा. २०२१ पासून खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. २०२४ पासून अभ्यासात उत्तीर्ण असला म्हणजे कितीही वेळा. १ जुलै २०२१ पासून आपल्या नावावर पैसे मिळवण्याची मोकळीक झाली, आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना वर्षाला दोन कोटी डॉलरांपर्यंत आणि त्याहूनही किंचित अधिक वाटू शकतात. परिणाम? पोरे दरसाल घर बदलतात. तीन-तीन विद्यापीठे पालथी घालतात. अभ्यास गेला, मैत्री गेली, संघाची ओढ गेली. सारा बाजार झाला!"

यातले बरेचसे खरे आहे. ज्या मुलाने चार वर्षांत तीन गावे बदलली त्याची पदवी कुठे लोंबकळत असेल, याची काळजी आम्हांलाही वाटते. कारण त्या शेकडो मुलांपैकी फारच थोडी पुढे व्यावसायिक संघात पोचतात, आणि बाकीच्यांना जन्मभर पदवीवरच भाकरी मिळवायची असते. पण बाजार झाला म्हणता, तो पोरांनी मांडला काय? प्रशिक्षकांचे कोट्यवधींचे करार, दूरचित्रवाणीचे करार, लाखालाखाची मैदाने, हा बाजार पोरांच्या खिशात पहिला कायदेशीर डॉलर पडण्यापूर्वी कित्येक वर्षे भरलेला होता. त्यात सर्वांना भाव होता. ज्यांच्या घामावर तो चालला होता त्यांनाच तेवढा नव्हता. त्यांना शिष्यवृत्ती होती आणि निष्ठेवरची व्याख्याने होती. मग दार उघडताच ती पोरे बाजारातल्यासारखी वागू लागली, तर नवल ते काय? मूल बोलायला शिकते ते घरातल्या माणसांचे ऐकून. निष्ठेला किंमत नसते, हा धडा त्यांनी घरीच गिरवला आहे.

शिवाय ब्रायंट २०१८ साली गेला तेव्हा यातले काहीच नव्हते. त्याच्यापुढे पैशाची थैली कुणी धरली नव्हती. त्याला फक्त एक हंगाम खेळायचा होता. तो मिझुरी विद्यापीठात गेला, २०१९ साली तिथे खेळला. तो हंगाम बेताचाच गेला, आणि व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचे नाव आले नाही. नीतिपाठवाले इथे टाळी वाजवतात: "पाहा, देवाने शिक्षा दिली!" वाचकहो, हा युक्तिवाद सर्वांत क्षुद्र आहे. हर्ट्सला सुपर बोल मिळाला म्हणून त्याचे थांबणे बरोबर, आणि ब्रायंटला काही मिळाले नाही म्हणून त्याचे जाणे चूक, असे म्हणायचे असेल तर न्यायाधीशाची खुर्ची कशाला हवी? गुणफलक लावला की झाले. हक्क हा निकालावरून ठरत नाही. लग्न सुखाचे झाले नाही म्हणून मुलीला वर निवडायचा हक्कच नव्हता, असे आता आपल्या आजीसुद्धा म्हणत नाहीत. एक वर्ष खेळायला मिळावे एवढीच ब्रायंटची मागणी होती, आणि ते वर्ष त्याला मिळाले. फळ कडू निघाले तर ते त्याचे स्वतःचे. त्याने ते कुणाच्या नावाने ओरडून खाल्ले नाही.

आता या सगळ्यातून आम्हांला मागायचे काय आहे? प्रशिक्षकांनी गडी बदलू नये, असे आम्ही म्हणत नाही. कठीण सामना समोर आहे, परक्या मैदानावर जायचे आहे, आणि हातात अधिक चांगला मुलगा आहे; तर खुशाल बदलावा. पण ज्याला बदलता त्याला आधी समोर बसवून कारण सांगा, आणि सांगून झाले की त्याचे ऐकूनही घ्या. हर्ट्सला महिनोन्‌महिने जे मिळाले नाही ते एवढेच होते, आणि त्याला एक पैसाही खर्च येत नाही. दुसरे असे की, तो जातो म्हणाला तर जाऊ द्या. त्याला निरोप द्या, शिव्या देऊ नका. तुम्ही संघाचे हित पाहिलेत. त्याने स्वतःचे पाहिले. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकता. आणि निष्ठा हवीच असेल तर तिचे दर दोन्हीकडे एकच ठेवा. ज्या नोव्हेंबरात प्रशिक्षक संघ सोडून जातो, त्या नोव्हेंबरात पोरांच्या बेइमानीवर प्रवचन करू नका.

तिसरी मागणी लहान आहे, पण आमचा जीव तिच्यात अडकला आहे. क्लेमसनने ब्रायंटला ती अंगठी द्यावी. इतकी वर्षे उलटली म्हणून बिघडत नाही. सोने काही शिळे होत नाही. पंधरापैकी चार सामने त्याच्या सुरुवातीने जिंकले, हे नोंदवहीत लिहिलेलेच आहे, ते कुणाला खोडता येणार नाही. नोंदवहीत जे आहे ते बोटात असायला हरकत कसली? ज्या दिवशी ती अंगठी टपालाने त्याच्या घरी पोचेल, त्या दिवशी निष्ठेवरचे व्याख्यान ऐकायला आम्ही पहिल्या रांगेत येऊन बसू. तोपर्यंत व्याख्यात्यांनी आपला घसा जपावा.